खारपाणपट्ट्यातली चौकशी

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले असं सांगितलं की लोक विचारतात, लोणारचं सरोवर पाहिलं का? नाही पाहिलं. शेगावला उतरलात म्हणजे दर्शन झालंच असेल? तेही नाही. स्टेशनाबाहेर कचोरी खाल्ली, तीसुद्धा तेल कितव्यांदा तापवलंय याचा अंदाज घेत. मी गेले होते एका मुलाची चौकशी करायला. चौकशीला निघालेलं माणूस डोंगर-देवळं बघत नाही. ते समोरच्यांचे चेहरे बघतं, आणि हे लोक आपल्यापासून काय लपवताहेत याचा हिशेब मांडत बसतं.

हा माझा मूळ स्वभाव की नोकरीने लावलेला, ते आता सांगता येणार नाही. तीस वर्षं मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. स्फटिकासारखं दिसणारं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं की त्यात काय काय वळवळतं ते रोज पाहिलं. निवृत्त झाले तरी पाण्यातले क्षार मोजायची पेनाएवढी कांडी माझ्या पर्समध्ये असते. हॉटेलात ती ग्लासात बुडवली की माझी मुलगी मृणाल मान फिरवून दुसरीकडे बघते.

या मृणालने एके दिवशी एका दमात सांगितलं, "आई, मला लग्न करायचंय. संदेश तायडे. माझ्याच ऑफिसात आहे. संग्रामपूर तालुक्यातला आहे, बौद्ध आहे, वडील नाहीत, आई अंगणवाडी सेविका आहे."

मी म्हटलं, "मला जातीचं काही नाही."

तिने ते विचारलं नव्हतं.

संदेश घरी आला. नम्र, हसरा, बोलणं इतकं स्वच्छ की मला संशयच आला. आमच्या पेठेतली मुलंसुद्धा इतकं निवडून-वेचून बोलत नाहीत. मग त्याच्या आईचा फोन आला म्हणून तो गॅलरीत गेला आणि तिथून ऐकू आलं, "माय, काऊन जेवली नाही तू अजून?" आत येताना त्याने ती भाषा गॅलरीतच काढून ठेवली. हा मुलगा आणखी काय काय बाहेर काढून ठेवून आमच्या घरात शिरत असेल, असं माझ्या मनात आलं.

वडील कशाने गेले, असं मी विचारलं. किडनीने, तो म्हणाला. आमच्या पट्ट्यात पाणी खारं आहे, बऱ्याच घरांत हे आहे.

तो शब्द मी घट्ट धरला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं आहे, त्या मुलखाला खारपाणपट्टा म्हणतात, हे मला नोकरीमुळे ठाऊक होतं. आता मला चौकशी करायला एक चांगलं, शास्त्रीय, कुणालाही सांगता येईल असं कारण मिळालं होतं. मृणाल आणि संदेशने ठरवलं होतं की दोघांच्याही आया मनापासून हो म्हणतील तेव्हाच लग्न करायचं. संदेशच्या आईंना, निर्मलाताईंना, मी रविवारी येते म्हणून कळवलं. आणि शुक्रवारीच निघाले. दोन दिवस आधी जाऊन गावातून काय कळतं ते बघायचं आणि मग त्यांच्या दारात उभं राहायचं, असा माझा बेत होता. आमच्या आईनेही माझ्या सासरची चौकशी अशीच, परस्पर, केली होती.

शुक्रवार

शेगावहून संग्रामपूरकडे जायला मला शकीलभाईंची रिक्षा मिळाली. मागच्या जागेत निळे, वीस-वीस लिटरचे पाण्याचे जार दोरीने बांधलेले होते, त्यामुळे मी अर्ध्या सीटवर अंग चोरून बसले. गावोगावच्या घरांत शुद्ध पाण्याचे जार पोचवायचे आणि येता-जाता माणूस मिळालं तर तेही न्यायचं, असा त्यांचा धंदा. मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं आणि लगेच आरशातून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी चेहरा बदलला नाही. निदान मला तसं वाटलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, उभी तूर, वेचणीला आलेला कापूस. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग. थंडीचे दिवस असूनही दुपारचं ऊन डोक्यावर बसत होतं. कुठे चाललात, असं शकीलभाईंनी विचारलं. मी म्हटलं, ओळखीच्यांकडे, सहज.

"ताई, पुन्याच्या बाया अठी दोनच कामाले येतात," ते म्हणाले. "एक तं दर्शनाले, नाहीतं सोयरीक पाह्याले. दर्शन तं तुमी मांगं सोडून आल्या."

मी रस्त्याकडे बघू लागले. या माणसाला इतकं कसं कळतं, आणि हा ते आणखी कुणाकुणाला सांगेल, हा विचार गाव येईपर्यंत काही डोक्यातून गेला नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथे मी उतरले बापूसाहेबांकडे. प्रयोगशाळेतल्या माझ्या मैत्रिणीचे हे थोरले भाऊ. पंधरा एकर शेती, नवं स्लॅबचं घर, ओसरीवर गुळगुळीत फरशी आणि त्या फरशीवर चप्पल काढून पाय ठेवताना होणारा गारवा. मी टेकते न टेकते तोच वहिनींनी पाण्याचा तांब्या आणि पेला पुढे ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला "पाणी देऊ का?" असं विचारतात. इथे विचारत नाहीत. पाणी आधी येतं, मग माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. मी घसा कोरडा पडल्यामुळे एक पेला घटाघटा प्यायले आणि वर दुसराही घेतला. चव जराशी जड लागली.

संध्याकाळी मी हळूच विषय काढला. इथले तायडे म्हणजे कोण? मी मुद्दाम मोघम विचारलं होतं, कारण हे आडनाव ऐकून आमच्या पुण्यातल्या डोक्याला काही कळत नाही. बापूसाहेब मिशीत हसले. सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं.

"निर्मलाबाईचा पोरगा ना? हुशार हाये, त्यात काही वाद नाही. मायनं लय कष्टानं शिकोला." मग ते जरा पुढे सरकले. "पन तुमी इचारून राह्यल्या म्हनून सांगतो. ते लोकं आता पहिल्यासारखे राह्यले नाहीत."

म्हणजे काय, मी विचारलं. दारू, भांडणं, पोलीस असं काहीतरी निघणार म्हणून मी सरसावून बसले.

"म्हन्जे कोनाचं आयकत नाहीत आता."

एवढंच निघालं. पुढे ते बराच वेळ बोलले, पण ते सगळं स्वतःच्या मुलाबद्दल होतं. मुलाला चौतिसावं लागलं, घरी शेती आहे, ट्रॅक्टर आहे, निर्व्यसनी आहे, आणि मुलगी मिळत नाही. मुलीचा बाप पहिल्यांदा विचारतो, नोकरी आहे का. आणि ज्यांच्या आज्याने सालगडी म्हणून बापूसाहेबांच्या वावरात सालं घातली, त्यांच्या नातवाला घरबसल्या पुण्याची मुलगी मिळते. हे ते रागाने बोलत नव्हते. एखाद्याला आपलं दुखणं समजतच नसावं तसे बोलत होते. त्यांचा मुलगा समोर बसून फोनमध्ये बघत होता, आणि त्याने एकदाही मान वर केली नाही. मला त्याची कीव आली. त्याच वेळी, बापूसाहेब तायड्यांबद्दल जे सांगतील त्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, याचाही मी विचार करत होते.

जेवायला हिरव्या मिरचीची भाजी आणि ज्वारीची भाकरी होती. मिरची तोंडी लावायची नसून तिचीच भाजी करायची, हे आमच्याकडे सांगितलं तर शिक्षा वाटेल. मी डोळे पुसत जेवले आणि वहिनी पेला भरत राहिल्या.

शनिवार

दुसऱ्या दिवशी शकीलभाईंना बोलावून घेतलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या संत्र्यांच्या बागा बघते असं वहिनींना सांगितलं. वहिनींना दुपारी बचत गटाच्या बैठकीला जायचं होतं, त्यामुळे त्यांनी फार चौकशी केली नाही. बागा मी खरोखरच पाहिल्या. तिथलं पाणी गोडं आहे, झाडं हिरवीगार, आणि काही मैलांवर खाली जमीन पांढरट पडून तडकलेली. एकाच तालुक्यात एवढा फरक पाहून मी नोकरीतली सवय म्हणून दोन्हीकडच्या विहिरींची नोंदही केली.

येताना मात्र म्हटलं, शकीलभाई, गावात पलीकडच्या अंगाने जाऊ या का, तिकडून डोंगर छान दिसत असेल. त्यांनी पुन्हा आरशातून पाहिलं आणि रिक्षा वळवली. मला तायड्यांचं घर बाहेरून बघायचं होतं. छप्पर कसलं, अंगण कसं, शेजार कसा.

गल्लीच्या तोंडाशी पंचशील ध्वज लावलेला होता. कुणाच्या तरी नळीतून पाणी वाहून तिथे चिखल झाला होता. काळ्या मातीचा चिखल काय असतो ते मला त्या दिवशी समजलं. रिक्षाचं मागचं चाक त्यात असं रुतलं की शकीलभाई खाली उतरून ढकलू लागले आणि मीही चप्पल हातात घेऊन उतरले. पाय घोट्यापर्यंत आत. मी तोंडावर पदर ओढून घेतला, कारण मी तिथे असायलाच नको होते.

तेवढ्यात जवळच्या घरातून एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, फिकट निळी साडी, हातात तांब्या. ऊन लय हाये, पाणी घ्या, म्हणाली. शकीलभाईंनी तांब्या उंच धरून गटागटा पाणी घेतलं आणि उरलेलं तोंडावर मारलं. मग तिने तांब्या पुन्हा भरून आणला आणि माझ्यापुढे धरला.

"नको," मी म्हटलं. "तहान नाही मला."

माझे ओठ तडकले होते. ती बाई मान हलवून आत निघून गेली. थोड्या वेळाने दोन माणसं आली, रिक्षा निघाली, आणि आम्ही बापूसाहेबांकडे परतलो. खारं पाणी आहे, कशाला धोका घ्या, असं मी वाटेत स्वतःला समजावलं. ते मला लगेच पटलं.

रविवार

रविवारी दहा वाजता मी अधिकृतपणे निघाले. साडी चांगली, हातात पुण्याहून आणलेली आंबा बर्फी. शकीलभाईंनी मला त्याच गल्लीत, त्याच घरासमोर उतरवलं. दार उघडलं ती कालचीच बाई होती.

मी गोरीमोरी झाले. निर्मलाताई मात्र "या ताई, उन्हातून आलात" एवढंच म्हणाल्या. कालचं अक्षर नाही. माझ्याशी त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत होत्या, प्रत्येक शब्द जपून, अगदी त्यांच्या मुलासारखं. ओळखलं नसेल का यांनी? की ओळखून गप्प आहेत? गप्प असतील तर का? बसेपर्यंत माझे हे तीन प्रश्न तयार होते.

तीन खोल्यांचं घर. निळा रंग, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली संदेशची दहावीपासूनची प्रशस्तिपत्रं एका रांगेत चौकटीत लावलेली. मी ती लांबून वाचली, शिक्के खरे आहेत का ते पाहत. तोवर निर्मलाताईंनी ताटलीत ठेवून पाण्याचा स्टीलचा पेला आणला आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर ठेवला.

मी पर्स उघडली, कांडी काढली आणि पेल्यात बुडवली.

सवयीने केलं, असं मी त्या वेळी म्हटलंही असतं. कांडीवर अगदी लहान आकडा आला. इतकं हलकं पाणी त्या पट्ट्यात जमिनीतून येणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, छान आहे पाणी. एखाद्या कार्यालयाला दाखला द्यावा तसं.

"पास झालं का?" निर्मलाताईंनी हसून विचारलं. मीही हसले. आणि पेला स्टुलावर तसाच राहिला.

मग आम्ही बोललो. मी विचारलं ते सगळं त्यांनी सांगितलं, आडपडदा न ठेवता. नवऱ्याचं आजारपण, अकोल्याच्या दवाखान्यातल्या खेपा, अंगणवाडीची नोकरी, संदेशला वसतिगृहात ठेवलं ते दिवस. त्याची रक्ततपासणी दर वर्षी करून घेते, तुम्हाला कागद हवे तर दाखवते, असंही म्हणाल्या. मी नको नको म्हणत असतानाच त्यांनी कागद पुढे ठेवले आणि मी ते वाचलेही. सगळं ठीक होतं. माझ्याजवळचं शास्त्रीय कारण तिथेच संपलं, तरी मी खुर्चीत सैल होऊन बसू शकले नाही.

मध्येच त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे कामाला कोणी येतं का?

मी सांगितलं, मंगल येते, बारा वर्षं झाली. घरच्यासारखीच आहे. रोज सकाळी आम्ही दोघी बरोबरच चहा घेतो.

"ती कशात घेते?"

"कपात," मी म्हटलं. "कशात घेणार?"

निर्मलाताईंनी मान डोलावली आणि ताटं वाढायला उठल्या. हा प्रश्न त्यांनी का विचारला असेल, असं मनात येऊन गेलं, पण तेवढ्यात भरताचा वास आला.

चुलीत भाजलेल्या वांग्यांचं भरीत, वर कच्च्या तेलाची धार, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मुगाचे वडे आणि ठेचा. मी खरंच सांगते, त्या तीन दिवसांतलं ते सगळ्यात चांगलं जेवण होतं. जेवते आहे म्हणजे माझ्या मनात काही नाही, असा मी स्वतःला पुरावाही देत होते. मग ठेच्याने जीभ पेटली. मी डावा हात पर्समध्ये घातला, पुण्याहून आणलेली बाटली काढली, झाकण फिरवलं आणि चार घोट प्यायले.

बाटली खाली ठेवताना माझी नजर स्टुलावर गेली. पेला काठोकाठ भरलेला, मघासारखाच.

निर्मलाताई त्याच पेल्याकडे बघत होत्या.

"ताई, एक इचारू?" त्या म्हणाल्या. पुस्तकी भाषा त्यांनी बाजूला ठेवली होती. "भरल्या ताटावर इचारू नाही, पन इचारते. काल तुमी पानी नाही म्हनल्या. मले वाटलं, बाहेरगावची बाई हाये, आमचं खारं पानी कसं पेईन. म्हनून आज सकाळीच शकीलभाऊले सांगून जार मांगोला. म्हनलं, पान्याचं कारन राहू देऊ नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. किडनी, क्षार, नोकरी, सगळे शब्द जिभेवर आले.

"परवा बापूसाहेबाच्या घरी तुमी दोन पेले पानी पेल्या," त्या तशाच सावकाश म्हणाल्या. "जेवतानी बी पेल्या. काल गटात वहिनी सांगे, पाहुनी लय साधी हाये, आमचं खारं पानी गुमान पेली, कुरकुर नाही केली. तठी नाही काढली तुमी हे कांडी."

खरं होतं. शुक्रवारी मला ती कांडी आठवलीही नव्हती. ज्या पाण्याला खरोखर भ्यायला हवं होतं ते मी पेल्यामागून पेला प्यायले. जे पाणी माझ्यासाठी विकत आणलं, माझ्याच यंत्राने चांगलं ठरवलं, त्याला मी ओठ लावला नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पाण्यात काय आहे ते शोधलं, आणि आपल्यात काय आहे ते मला एका अंगणवाडीच्या बाईने भरल्या ताटावर दाखवलं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. त्यांनी माझी परीक्षा घेतली याचा राग. मी दोन दिवस लपूनछपून त्यांची घेत होते हे त्या क्षणी सोयीस्कर विसरून.

मी हात पुसला आणि पेल्याकडे नेला. त्यांनी पेल्यावर तळहात ठेवला.

"आता नोका पिऊ. आता पेल्या तं मले कसं कळन?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"तुमची पोरगी मले पसंत हाये. दोनदा बोलली माह्यासंगं, मनानं चांगली हाये. पन माह्या नवऱ्याच्या वाटंले ह्या गावात जो येगळा पेला आला, तो पोराच्या वाटंले पुन्यात, तुमच्या सैपाकघरात येऊ नाही. येवढंच पाह्याचं हाये मले. मी बी येईन तुमच्या घरी. मंग सांगीन, हो का नाही."

कधी येता, मी विचारलं.

"सांगून नाही येनार," निर्मलाताई म्हणाल्या. "तुमी कुठी सांगून आल्या होत्या परवा?"

उरलेलं जेवण मी पाण्याविना जेवले. तोंड जळत होतं आणि बाटलीला हात लावायचा धीर होत नव्हता. निघताना त्यांनी मृणालसाठी मुगाचे वडे डब्यात घालून दिले, दारापर्यंत आल्या, सांभाळून जा म्हणाल्या. अगत्यात कुठे उणं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त अवघड झालं.

शेगावच्या वाटेवर शकीलभाईंनी विचारलं, जमलं का? अजून माहीत नाही, मी म्हटलं. त्यांनी आरशातून पाहिलं.

"कोनाचं नाही माहीत? तुमचं, का त्यायचं?"

त्यायचं, मी म्हटलं. स्टेशनावर त्यांनी माझी बॅग मी सांगायच्या आत फलाटापर्यंत आणून दिली.

पुणे

मृणालला मी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, वगळावंसं फार वाटलं तरी. ती चिडेल, रडेल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, वड्यांचा डबा उघडला, एक खाल्ला आणि विचारलं, "मंगलमावशीच्या कपाचं काय सांगितलंस?"

"कोणता कप?"

तिने गॅलरीकडे बोट केलं. धुण्याच्या नळाशेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर, कान तुटलेला एक पिवळा कप उपडा ठेवलेला असतो. बारा वर्षं मी त्यात चहा ओतते, मंगल तो पिते, तिथेच विसळते आणि तिथेच उपडा घालते. आम्ही बरोबरच चहा घेतो, यात मी खोटं सांगितलं नव्हतं. तो कप कुणी मुद्दाम वेगळा काढला असंही मला आठवत नाही. आमच्या घरात तो फक्त "मंगलचा कप" होता, आणि माझ्या या संशयी डोळ्यांनी त्याच्याकडे कधी संशयाने पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी तो घासला आणि आतल्या फडताळात, आमच्या कपांच्या रांगेत ठेवला. कान तुटलेला, म्हणून जरा मागे.

सकाळी मंगल आली. मी चहा टाकला, फडताळ उघडलं आणि हाताला आला तो पांढरा कप तिच्यासाठी भरला. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वाकून फडताळातून आपला पिवळा कप शोधून काढला, चहा त्यात ओतून घेतला आणि पांढरा कप विसळून जागेवर ठेवला.

अगं, घे ना त्यातच, मी म्हटलं. आता सगळे कप सगळ्यांचे.

"राहू द्या ताई," मंगल म्हणाली. "माझा मला बरा. आज तुम्ही आत ठेवलाय, उद्या तुमचे कोणी आले की पुन्हा बाहेर जाईल. तेव्हा मला जास्त लागेल."

चहा पिऊन तिने कप नळावर धुतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर उपडा घातला. मृणाल दारात उभी राहून बघत होती.

याला आता तीन आठवडे झाले. रोज सकाळी मी पांढरा कप पुढे करते आणि रोज मंगल पिवळा उचलते. निर्मलाताई अजून आलेल्या नाहीत. बेल वाजली की मी आधी गॅलरीकडे बघते, मग दार उघडायला जाते.